कढीपत्त्याखालचे वीर

इंग्रजी नियमांचं पुस्तक इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं वाचणारा माणूस कल्याणच्या पुढे एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मोठा भाऊ, आमचा दादा, आहे. दर रविवारी दुपारी कात्रपच्या त्याच्या फ्लॅटवर आम्ही फाशांचा एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक वीर घ्यायचा, त्याची ताकद, हत्यारं, जखमा एका कागदावर लिहायच्या. गोष्ट दादा सांगणार, नशीब फासे ठरवणार आणि भांडण झालं तर ते जाडजूड पुस्तक. मोरिवलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा हा माणूस पुस्तक उघडलं की न्यायाधीश होतो. 'लेअर' म्हणजे ड्रॅगनची गुहा. याने थर असा अर्थ लावून आम्हाला अख्खी दुपार ड्रॅगन सोलायला लावला. 'रोग' म्हणजे लुच्चा चोर. याने ते 'रूज' वाचलं, आणि तेव्हापासून आमच्या खेळातले चोर गालांना लाली लावून दरोडे घालतात. चूक दाखवली की उत्तर ठरलेलं: "टेबलावर पडलेला शब्द मी उचलत नाही. इंग्रजी मला शिकवू नका."

यात जीव जायचा तो आमचा. कॅम्प एकच्या सिंधी वस्तीतला आमचा मित्र हरेश, त्याचा योद्धा एका प्रचंड घंटेजवळ उभा होता. पुस्तकात होतं 'डेफ', म्हणजे बहिरा. दादाने वाचलं 'डेड'. आणि मेलेल्या वीराचा कागद गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायचा, ही दादाचीच प्रथा. पुरताना सगळ्यांनी चपला काढून उभं राहायचं. हरेश ओरडत राहिला, "अरे दादा, कान गेले ना फक्त! बंदा कशाला मारतो?" कागद पुरला गेला. कढीपत्ता मात्र जोमात आहे, वहिनी त्याचीच फोडणी आम्हाला खाऊ घालते.

मागे एका रविवारी माझ्या बायकोची, सुजाताची, वैदीण ड्रॅगनसमोर एकटी सापडली. तिचं नाव चंद्री, सासूबाईंनी ठेवलेलं. त्यांना खेळातलं ओ की ठो कळायचं नाही, पण चंद्रीचे फासे त्याच टाकायच्या आणि दान वाईट पडलं तर फाशालाच रागवायच्या. आता त्या नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात त्यांच्या हातचं 'चंद्री' तेवढं आहे. एक आला तर तो कागद कुंडीत जाणार होता. सुजाताने फासा बराच वेळ मुठीत धरून ठेवला. मग टाकला.

एक.

सुजाता कागदाची घडी घालायला लागली. "घे दादा," ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

दादाने पुस्तक उघडलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, चष्मा पुसला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. हा माणूस शब्द उचलत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सुजे," तो शेवटी म्हणाला, "हे डेड आहे का डेफ? मला या इंग्रजीतलं काही कळत नाही गं."

हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. मी घाबरून हरेशकडे पाहिलं. आता हा आपला योद्धा परत मागणार आणि कुंडी उकरायला लावणार. पण हरेशने पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही.

"डेफच असणार, दादा," तो म्हणाला. "एकदम पक्का डेफ."

तेव्हापासून चंद्री बहिरी आहे. तिला काही सांगायचं असलं की दादा टेबलावर पुढे वाकतो आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्याने सांगतो. सासूबाईंशी शेवटी शेवटी तो असाच बोलायचा.