सिराजोद्दीन चाचांची चुन्याची भिंत

हे मी लिहिणारच नव्हते, दोनदा टाईप करून डिलीट केलं. पण आज आमच्या कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थी समितीनं शंभर वर्षांची स्मरणिका हातात दिली अन् डोकंच सटकलं. इतिहास म्हणून काय, तर अकरा पानं शाली अन् हार. ज्या माणसानं चाळीस वर्षं ही इमारत उभी ठेवली त्या सिराजोद्दीन चाचांचं नावच न्हाई. मी लिहून दिल्तं. कापलं.

चाचा चुन्याचे गवंडी, जुन्या जालन्यात राहतात. दर उन्हाळ्यात ते शाळेमागं खड्ड्यात महिनाभर चुना भिजवायचे, त्यात गुळाचं पाणी अन् बेलफळाचा गर घालायचे, मंग एकेक भेग बुजवायचे. आम्ही पोरी खड्ड्याजवळ गेलो की ओरडायचे अन् लगेच गूळ हातावर ठेवायचे.

समितीला हे सगळं मागासलेलं वाटलं. दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष कल्याण काकांनी चुन्यावर सिमेंट थापलं, वरून चकचकीत ऑइलपेंट. कशासाठी, तर फोटोत चांगलं दिसावं. मी पण ब्रश धरून फोटो काढून घेतला, कसली मूर्ख. भिंतीतली ओल आतच कोंडली. पोपडे सुटले, वर्गात कुबट वास. अन् आता हेच शहाणे म्हणून राह्यले की इमारत धोक्याची झाली, पाडा.

पाडायचं ठरवायला समितीनं शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली, तिला चाचा न बोलावता आल्ते. कोणी खुर्चीसुद्धा दिली न्हाई. ते भिंतीवर बोटांनी ठोकत ठोकत पूर्ण हॉल फिरले, कान लावून. काका हसले, "चाचा, तुमचा जमाना गेला. चहा घ्या अन् आराम करा."

"चाय घरून पिऊन आलो, बेटा," चाचा म्हणले. "भिंत चांगली हाय. तुम्ही तिला रेनकोट घालून उन्हात उभी केली. तो काढा, एक उन्हाळा सुकू द्या."

पाचवीत नापास झाल्तास तव्हा पण याच भिंतीमागं लपला होतास, हेही त्यांनी काकांना शांतपणे सांगितलं. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टर ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसल्या, पण मंग त्यांनीच समितीला थांबवलं. एक भिंत चाचांनी उघडून सुकवून दाखवायची. मे संपेपर्यंत सुकली तर इमारत राहील, न्हाईतर जेसीबी.

समितीतला एकही माणूस तिकडं फिरकला न्हाई. स्मरणिका वाटायला मात्र सगळे हजर, इस्त्रीचे कपडे घालून.

चाचा अठ्ठ्याहत्तरचे हायत. छिन्नी धरली की हात थरथरतो, सकाळपासून दुपारपर्यंत हातभर सिमेंट निघतं. चुना किती भिजवायचा, गूळ किती घालायचा, हे त्यांच्याशिवाय कोणालाच येत न्हाई, अन् शिकायला कोणी गेलंच न्हाई. म्हणून ही स्मरणिका ठेवा बाजूला. शाळेच्या मागच्या गेटनं आत जा, उत्तरेकडच्या भिंतीपाशी चाचा बसलेले असतात. याच हप्त्यात जाऊन भेटा त्यांना. हातोडा घेऊन जा.