पगारी गोलकीपर

पिंपरी-चिंचवडमध्ये हेल्मेटवर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे नाना. दर रविवारी सकाळी ते महाळुंग्याहून वाकडच्या मॉलमध्ये स्कूटरवरून यायचे, तेही आइस हॉकीच्या गोलकीपरचा सगळा जामानिमा अंगावर चढवून. छातीला गादीएवढं कवच, पायांना उशांसारखे पॅड, तोंडावर जाळीचा मुखवटा. हे सगळं मावेल अशी पिशवी त्यांना कुठे मिळाली नव्हती. चौकातला हवालदार एकदा म्हणाला, "काका, थोडं कमी घातलं तरी चालेल." नाना म्हणाले, "ड्यूटीवर निघालोय, साहेब."

हा खेळ आमच्याकडे आणला कंपनीच्या मोठ्या साहेबांनी. ते बर्फाळ देशातले. मॉलमध्ये बर्फाचं मैदान झालंय म्हटल्यावर त्यांनी संघ काढला, आणि आम्ही पर्चेसवाल्यांनी बढतीकडे डोळा ठेवून पायांत स्केट्स बांधले. पण दगडासारखी अंगावर येणारी ती रबरी चकती अडवायला जाळीपुढे उभं कोण राहणार? तिथे बढतीचा मोहही पुरेना. शेवटी कंत्राटदाराकडून माणूस मागवला. वय पन्नाशीचं, अनुभव मटारच्या शीतगृहातल्या हमालीचा, थंडी वाजत नाही. संघात पगारी ते एकटेच, म्हणजे व्यावसायिक खेळाडूही ते एकटेच. आम्ही खेळताना खिदळायला लागलो की सुनवायचे, "तुमी हौशी मंडळी. आमचं पोट हाय यावर."

स्केटिंग त्यांना कधीच जमलं नाही. दोघांनी धरून जाळीपर्यंत न्यायचं आणि उभं करून द्यायचं. तिथून मात्र ते हलत नसत. तत्त्व शीतगृहातलंच होतं: "दार सोडायचं न्हाई. दार उघडं ऱ्हायलं की माल गेला." खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, तशी त्यांनी गोलाच्या खांबांना हळदकुंकू लावलं, वरच्या दांडीला झेंडूचं तोरण बांधलं, आणि पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं म्हणून समोरच्यांना गोल मारायची मनाई केली. समोर तळवड्याचे आयटीवाले होते. त्यांनी निमूट पेढे खाल्ले आणि घरी गेले.

नानांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पर्मनंट व्हायचं. आमच्या पट्ट्यात कंत्राटी माणसाचे पर्मनंट व्हायचे दिवस भरत आले की त्याला 'ब्रेक' देतात. शर्ट आणि ओळखपत्र जमा करायचं, घरी बसायचं, आणि तोवर जागेवर दुसरा आलेला असतो. नानांनी किती कंपन्यांत असे ब्रेक घेतले, ते त्यांनाही आठवत नव्हतं. सासुरवाडीत मेहुणे विचारायचे, "दाजी, सध्या कुठं?" त्या 'सध्या'चा त्यांना फार राग यायचा. बर्फावर अजून कुणी ब्रेक दिला नव्हता, म्हणून त्यांचा जीव तिथे अडकला होता.

मग तळवडेकरांशी चषकाची अंतिम लढत आली. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आम्ही एका गोलने मागे होतो. साहेबांनी बाकाजवळून नानांना बाहेर यायची खूण केली. नानांचा चेहरा पडला. मी धडपडत त्यांच्यापाशी गेलो.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही, नाना. या खेळाची रीतच आहे. शेवटी गोलकीपर बाहेर काढतात आणि गोल मारणारा एक वाढवतात."

"म्हंजे माझ्या जागेवर दुसरा."

"तुमच्या जागेवर कुणीच नाही. जाळी रिकामी ठेवायची."

हे सांगून मी आगीत तेल ओतलं. नाना हळूच म्हणाले, "मी जिथं मार खात उभा ऱ्हायलो, तिथं कुणी नसलं तरी चालतंय, आसं म्हणताय राव तुमी." त्यांनी मुखवटा वर सरकवला. "जातो," ते म्हणाले, "पण दार उघडं टाकून न्हाई." त्यांनी गोलाची ती चौकट खुंट्यांवरून उचकटली आणि हातगाडीसारखी ढकलत थेट बाकापाशी आणली. कुणी न धरता ते बर्फावर चालले, ते तेवढंच. आता गोल मारायचा कुठे, हे कुणालाच कळेना. पंचांनी सामना तळवड्याला देऊन टाकला. साहेब आधी लालबुंद झाले, मग हसून हसून खालीच बसले.

पुढे साहेबांची मायदेशी बदली झाली. शेवटच्या रविवारी त्यांनी नानांकडे खेळाचा शर्ट मागितला. नानांनी शर्ट काढला, घडी घातली, त्यावर आपलं कंत्राटी ओळखपत्र ठेवलं आणि दोन्ही पुढे केलं. मला बघवेना. साहेबांनी मॉलचा इलेक्ट्रिशियन बोलावून तो शर्ट पार छताला टांगायला लावला, मग ते बोलले आणि मी मराठीत सांगितलं, "नाना, त्यांच्याकडे मोठ्या खेळाडूचा शर्ट असा वर लावतात. मग त्या शर्टावरचा नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

"माझ्या जागेवर?"

"कुणी येणार नाही, नाना."

ते बनियनवर, थंडीत, वर बघत उभे राहिले. मग डोळे पुसून साहेबांपुढे हात पसरला आणि म्हणाले, "मग माझं कार्ड परत द्या."

बर्फाचं मैदान पुढे बंद पडलं. आता तिथे चादरींचा सेल असतो, आणि तेवढी उंच शिडी पुन्हा कुणी न आणल्यामुळे शर्ट अजून वर आहे. आम्हा हौशींपैकी कुणाचीच बढती झाली नाही. नाना पुन्हा मटारच्या शीतगृहात कंत्राटावर लागले. मागे भेटले तेव्हा नुकताच ब्रेक मिळाला होता. मी हळहळलो, तर माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यांचं चालायचंच. मी वाकडला पर्मनंट हाय."