डोलीवाल्याचं नाव

आमच्या गावच्या जुन्या सैनिकांचे किस्से सांगायला बसलो की लोक पोट धरून हसतात. माझं मात्र डोकं तापतं. एक आठवला की मागचे सगळे आठवतात, आणि प्रत्येकात अपमान आमच्या आबांचाच!

आबा म्हणजे माझे आजोबा. पहिल्या महायुद्धात आपखुशीनं बसऱ्याकडं गेलेले. काम डोलीवाल्याचं. गोळ्या चालू असताना जखमींना स्ट्रेचरवर घालून मागं आणायचं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, गावानं ठरवलं, लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड चावडीपुढं बसवायचा. त्यावर आबांचं नाव यायलाच हवं, म्हणून मी माहिती काढायला लागलो.

पहिल्यांदा आबांनाच विचारलं. म्हणाले, "उचलायचं आन् आणायचं. त्यात काय सांगायचं?"

झाली माहिती!

*

इंदापूरच्या कचेरीत गेलो. साहेबांनी चहा पीत विचारलं, "बंदूक होती का?"

"नव्हती, साहेब."

"मग लढाईला गेले कशाला?"

तो चहा त्यांच्याच अंगावर ओतावासा वाटला.

*

गावाचा तर वेगळाच समज. डोलीवाला म्हणजे मढी वाहणारा! कुणी गेलं की पहिला निरोप आबांना. "आबा, तुमाला सवय हाय, खांदा द्या." देवाच्या पालखीला मात्र, "तुमी नगा आबा, दुसरं हायती."

एकदा भर देवळात मी ओरडलो, "अरे, त्यांनी जिवंत माणसं आणली, जिवंत!"

पुजारी म्हणाला, "आस्तील. पर पालखी निघायची येळ झाली."

*

दगडाच्या बैठकीत हवालदार हणमंतराव उठले. एका पायानं लंगडे, पण मिशीचा पीळ कायम. त्यांची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ. गुडघ्यात गोळी, तरी चालत तळावर आले म्हणे!

"डोलीवाल्यांची नावं घातली, तर उद्या आचाऱ्यांची बी घालावी लागत्याल," ते म्हणाले.

सगळे हसले. सरपंचही हसले. मी इतकं तोंड सोडलं की मला दंडाला धरून बाहेर काढलं. आबांचं नाव गेलं ते गेलंच.

*

बारामतीहून बैलगाडीतून दगड आला. उतरवताना चौघांच्या हातून निसटायला लागला. तेव्हा सरपंचांनी निरोप कुणाला धाडावा? आमच्या आबांना! "या वाईच. उचलायची सवय तुमालाच."

मी म्हटलं, "आबा, गेलात तर माझी शपथ हाय!"

आबांनी पटका बांधला आणि निघाले.

चौघांना चार कोपऱ्यांना उभं केलं, स्वतःही हात घातला. "पाय एकदम टाकू नगा, हिंदकळतं. माझ्याकडं बगा." दगड अलगद खाली आला. सगळ्यांत वर नाव हवालदारांचं. ते समोरच काठी टेकून उभे होते.

आबांनी त्या नावावरची धूळ पटक्याच्या शेवानं पुसली आणि म्हणाले, "तळापातूर आणला तवा लई हलका होतास रं, हणमंता!"