मूलतत्त्वांच्या तासाला दिसलेलं घर

मी बार्शी सोडली त्या सकाळी आप्पांनी दुकान लवकर उघडलं आणि मला गादीवर बसवलं. आम्ही कासार. कासाराच्या पोरीच्या हातात कधी सारख्या बांगड्या नसतात. गिऱ्हाइकांना भरून उरलेल्या, जोड न जमलेल्या, कुठे एक लाल, कुठे दोन पिवळ्या, अशा सगळ्या तिच्या वाट्याला येतात. त्या दिवशी मात्र आप्पांनी नवी पेटी फोडली, माझी बोटं गोळा करून, हात दाबत दाबत, दोन्ही हातांत मोरपंखी बांगड्या भरल्या. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, तसा मीही केला. तो वडिलांना होता की कासाराला, हे माझं मलाच कळलं नाही. आई पायरीवर पिशवी धरून उभी होती. "तिकडं कुणी काय बोललं तर उलटून बोलू नको," ती म्हणाली. "बोलायचंच झालं तर हसून बोल." मग आम्ही तिघं एसटी स्टँडवर गेलो.

गावच्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या तिकडेच राहिल्या त्यांना वाटतं, आम्ही गेलो आणि सुटलो. आणि ज्या माझ्यासारख्या इकडे आल्या त्या एकमेकींना भेटल्या की गावाच्या नावानं गळे काढतात. मीही काढलेत. आमचं घर कसं गेलं ही गोष्ट मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितली आहे, की आता ती खरी होती तशी एकदा लिहून टाकावी म्हणते.

पुण्यात सदाशिव पेठेत एका काकूंकडे माझी राहायची सोय झाली होती. एका खोलीत आम्ही तिघी. पहिल्याच सकाळी मी मोरीत कपडे धूत होते, तर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "हा आवाज रोज येणार आहे का? म्हणजे आम्ही तशी सवय लावून घेतो." आधी मला समजेना कसला आवाज. मग लक्षात आलं, बांगड्यांचा. मी आईनं सांगितल्याप्रमाणे हसून म्हटलं, "काकू, कासाराच्या घरातली आहे मी." त्यावर त्या म्हणाल्या, "अस्सं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे, पण गजर लावून हिंडत नव्हते." पंधरवडाभरात माझे हात मोकळे झाले. कॉलेजात एकाही मुलीच्या हातात काच नव्हती, तेव्हा ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी बीबीएला होते. पहिल्या वर्षी 'व्यवसायाची मूलतत्त्वे' असा एक विषय होता. मराठी नाव नुसतं कागदावर, तोंडानं सगळे 'फंडामेंटल्स' म्हणायचे. शिकवणारे सर आधी एका कारखान्यात मॅनेजर होते. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते चिमटा काढूनच. पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, धंदा कशासाठी करतात? कुणी म्हणालं प्रॉफिट, कुणी म्हणालं वेल्थ क्रिएशन. मी म्हटलं, "घर चालावं म्हणून." मागच्या बाकांवर हशा पिकला. सरांनी विचारलं, "घरी दुकान आहे वाटतं?" मी हो म्हटलं. "मग मला सांगा, आपले वडील दुकान चालवतात, की दुकान वडिलांना चालवतं?"

मी खाली बसले. राग आला होता, पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या विषयाचा एकही तास मी पुढे चुकवला नाही, खरं सांगायचं तर मला त्याचं वेडच लागलं. आमच्या घरात जे वर्षानुवर्षं नुसतं होत आलं होतं, त्या प्रत्येक गोष्टीला इथे नाव होतं. त्यातलंच एक म्हणजे ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट. तुम्ही जे करता त्यापायी जे करायचं सोडता, त्याचीही किंमत धरायची. सरांनी उदाहरण दिलं ते भर रस्त्यावरच्या स्वतःच्या जागेत दुकान थाटून बसलेल्या माणसाचं. तो म्हणतो मला नफा होतो, कारण जागेचं भाडं तो धरतच नाही. सगळा वर्ग लिहून घेत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची गादी होती.

दिवाळीला घरी गेले ती हे ज्ञान घेऊनच. नवशिक्या वैद्याला जो तो आजारी दिसतो, तशी माझी गत. पाडव्याच्या दुपारी दुकानात सामसूम होती, तेव्हा मी आप्पांना विचारलं, "तुम्ही जागेचं भाडं धरता का?"

"माझ्याच जागेचं भाडं मी कुणाला देऊ?"

"स्वतःला द्यायचं. आणि आईच्या मजुरीचं काय? ती दिवसभर माल लावते."

"तुझ्या आईला मजुरी दिली तर ती मला जेवू घालंल का?" ते हसले. मी नाही हसले. मी सरांच्याच थाटात त्यांना सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता परत एकदा सांग. सावकाश." मी परत सांगितलं. आपल्या बापाला आपण काहीतरी शिकवलं, या आनंदात मी पुण्याला परत आले.

संक्रांतीनंतरची गोष्ट. सरांनी एका पाहुण्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. कपड्यांची दुकानं काढणाऱ्या एका कंपनीत ते होते, ऑफिस खराडीला. विषय होता, दुकानासाठी जागा कशी निवडावी. त्यांनी पडद्यावर तालुक्याच्या गावांमधल्या जागांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. गावांची नावं झाकलेली होती. प्रत्येक फोटो बघून आम्ही सांगायचं, इथे दुकान चालेल की नाही.

दोन फोटो झाले आणि तिसरा आला. चौकाचा कोपरा, रंग उडालेलं लाकडी फळ्यांचं दार, वर दोन खिडक्या. डावीकडच्या खिडकीत माझी जुनी ओढणी वाळत होती.

आमचं घर!

मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. आमचं दुकान पुण्यातल्या कॉलेजच्या पडद्यावर! माझ्या आधी एक मुलगा उभा राहून म्हणाला, जागा जुनाट वाटते, फूटफॉल कमी असणार, म्हणजे गिऱ्हाइकं फारशी फिरकणार नाहीत. मला सहन झालं नाही, मी ताडकन उठले. आमचं घर आहे हे सांगितलं नाही, पण तावातावानं बोलायला लागले. म्हटलं, देवळातून निघालेली बाई याच बाजूनं चालत येणार, कारण दुपारी समोरच्या बाजूला ऊन असतं. एसटीतून उतरलेली खेड्यातली माणसं बाजाराला इथूनच वळणार. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी थकली की याच ओट्यावर टेकणार. अख्ख्या गावात यासारखी जागा नाही. सर भिंतीला टेकून कौतुकानं बघत होते.

"एक्सलंट!" पाहुणे म्हणाले. "मॅडम अगदी बरोबर बोलल्या. ही साइट आम्ही घेतलीच आहे. मागच्याच आठवड्यात भाडेकरार झाला." मग त्यांना जागामालकांची आठवण झाली आणि ते हसले. "गृहस्थ बांगड्या विकायचे, पण डोकं काय तल्लख! आम्ही गेलोच नव्हतो, ते स्वतःहून आले. म्हणाले, माझ्याच जागेचं भाडं धरलं तर मी तोट्यात आहे. एवढ्याशा गावात ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट समजणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला."

सगळा वर्ग हसला. चांगलं हसला, कौतुकानं. मी अजून उभीच होते. कुणीतरी कानशिलात वाजवल्यावर आधी नुसता आवाज ऐकू येतो आणि दुखायला नंतर लागतं, तसं काहीसं झालं होतं. शेजारच्या मुलीनं ओढणी ओढून मला खाली बसवलं. पडद्यावर तोवर चौथं गाव आलं होतं.

तास संपल्यावर मी जिन्यात उभी राहून फोन लावला.

"आप्पा, दुकान दिलं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कॉलेजात दाखवलं. पडद्यावर. आपलं घर."

आप्पा म्हणाले, "कसं दिसत होतं?"

मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली. घरी पोचले तर दुकानातल्या अर्ध्या फळ्या रिकाम्या. आप्पा गादीवर बसून दोरीत ओवलेल्या काकणांची तोरणं गवतात गुंडाळत होते, कुर्डुवाडीच्या एका कासाराला माल द्यायचा होता. मी चपलासुद्धा न काढता भांडायला सुरुवात केली. मला विचारलं का नाही? एवढी काय अडचण होती? माझ्या फीसाठी केलंत ना हे? तसं असेल तर मी उद्याच कॉलेज सोडते. माझी पक्की समजूत होती की बापानं पोरीसाठी त्याग केलाय, आणि खरं सांगू का, रडता रडता मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

"तुझ्या फीचा काय संबंध?" आप्पा म्हणाले. "फी भरतच होतो की."

"मग का?"

त्यांनी हातातलं तोरण खाली ठेवलं. "मला या गादीवर माझ्या बापानं बसवलं. माझी दहावी व्हायची होती. बायकांचे हात बघून बघून डोळे गेले, मांडी घालून घालून गुडघे गेले. मला कुणी इचारलं का कधी, तुला बसायचंय का म्हणून? उठता येतंय, हे सांगणारी तू पहिली."

"मी नुसता धडा सांगितला होता, आप्पा!"

"धडा खरा हाय का खोटा?"

परीक्षेत लिहायला मी तो खरा मानला होता, घराला लावायला नव्हे. मी आईकडे वळले. तिचा तर संसार त्या दुकानात गेला, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो माझ्या हातात देत ती शांतपणे म्हणाली, "तू निघालीस तवा आमी इचारलं का, हितं तुला काय कमी हाय?"

इतकं जिव्हारी लागणारं मला आजवर कुणी बोललेलं नाही, सदाशिव पेठेतल्या काकूसुद्धा नाहीत. तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. मी पाणी प्यायले आणि पायरीवर बसून राहिले. गाव सोडायचा हक्क आपला एकट्याचा आहे, मागे राहिलेल्यांनी फक्त राहायचं, आपण सणाला येऊ तेव्हा सगळं जिथल्या तिथे सापडलं पाहिजे, असं मी धरून चालले होते. आप्पांच्या गुडघ्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मला ती गादी हवी होती, आणि तिच्यावर आप्पा बसलेले हवे होते.

त्यानंतर खाली काचेच्या दारांचं कपड्यांचं दुकान झालं. आई-आप्पा वरच राहिले, मागच्या बाजूनं नवा जिना केला. आप्पा मजेत होते, आणि मला त्याचा कितीतरी दिवस राग यायचा. ते रामेश्वरला गेले, अमृतसरला गेले, तिथून फोन करून सांगायचे, "इथल्या बायका काच वापरत न्हाईत गं, धंदा चालला नसता आपला," आणि स्वतःच खो खो हसायचे. मी शिकले, खराडीला नोकरीला लागले, लग्न झालं, विश्रांतवाडीला घर केलं. बोलण्यात निम्मं इंग्रजी आलं. आणि इकडच्या मैत्रिणी जमल्या की मी आमचं दुकान कसं गेलं ते सांगायची. पडद्यापर्यंत आले की सगळ्या हळहळायच्या. आई काय बोलली, ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्या कंपनीनं बार्शीतलं दुकान बंद केलं. मी ऑफिसात असताना आप्पांचा फोन आला.

"जागा मोकळी झाली बग. तू सारखं म्हणतीस, घर गेलं, घर गेलं. घे आता. भाडं नको, काय नको. ये, आन तुला काय काढायचं ते दुकान काढ."

ज्यासाठी मी इतकी वर्षं हळहळत होते, ते बापानं स्वतःहून पुढे केलं होतं. आणि मी म्हणाले, "आप्पा, मला कसं जमणार?"

विचार करायला मला क्षणभरसुद्धा लागला नाही. ना मनाशी हिशोब केला, ना नवऱ्याला विचारते म्हणाले. नाही म्हणून टाकलं, आणि ते कुणी दुसऱ्याच बाईनं म्हटल्यासारखं माझ्याच कानावर आलं. आप्पांना वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. ते आपले सहज म्हणाले, "बरं. मग औषधाच्या दुकानवाल्याला हो म्हणतो. तो लई मागं लागलाय." आणि जेवलीस का विचारून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी रिक्षातून घरी जाताना मी रडले. घर आपल्याकडून कुणीतरी काढून घेतलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत होते. ते तर मला देऊ केलं होतं, आणि मीच घेतलं नाही. अजूनही कुणी विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी बार्शी असंच सांगते. फक्त पुढे कुणी विचारलं की घरी परत जावंसं वाटत नाही का, तर पूर्वी मी लगेच "वाटतं" म्हणायची. आता गप्प बसते.