सलीमभाईंनी आणून दिलेली सही

सलीमभाईंची नोकरी माझ्यामुळे गेली.

हे मला आज कळलं. ते गेल्यावर. त्यांच्याच दारात उभी असताना.

सकाळी कोर्टाच्या ग्रुपवर मेसेज आला. सलीमभाई मुन्शी, हार्ट अटॅक, दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन. मी दोनदा वाचला. अहो, काल दुपारी तर त्यांना तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरताना पाहिलं होतं. पाहिलं, आणि नेहमीसारखी पुढे निघून गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उमरखेडला मी ज्या सरांकडे ज्युनिअर होते, त्यांच्या ऑफिसचे मुन्शी, म्हणजे वकिलाचे कारकून, सलीमभाई. तीस वर्षं. तारखांची डायरी, फायली, पक्षकारांची रडगाणी, सगळं त्यांच्याकडे. अर्ज कुठे द्यायचा, कोणत्या बाबूशी कसं बोलायचं, हे मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवलं.

आणि लंच टाइममध्ये आम्ही दोघं मागच्या खोलीत टीव्हीवर एक कोर्टाची मालिका बघायचो. रिपीट टेलिकास्ट. डबा मांडीवर.

त्यातली वकीलबाई दर आठवड्याला पार्टी बदलायची. आज गुरूच्या बाजूने, उद्या त्याच्याच विरुद्ध. कोण चांगलं, कोण वाईट, काही पत्ताच लागायचा नाही. सलीमभाईंना तर ते कोर्टच पटायचं नाही. "तारीखच देत नाही हा जज, डायरेक्ट निकाल! आन् याच्या कोर्टात मुन्शी कुठी आहे?"

पण एक एपिसोड सोडायचे नाहीत.

एकदा त्या बाईने गुरूचं ऑफिस सोडलं आणि त्याचाच पक्षकार घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. कारण गुरूने आतून समोरच्या पार्टीशी हातमिळवणी केली होती. मी म्हटलं, बरोब्बर केलं. सलीमभाई डबा बंद करून उठलेच.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटली ते. मले नाही पटत."

दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चूक गुरूचीच आहे. पुढच्या सोमवारी परत गुरूकडून. त्या बाईपेक्षा यांचीच पार्टी जास्त बदलते म्हणून मी लई चिडवायची.

वर्षभरात ती वेळ माझ्यावरच आली.

फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या कमलाबाई भावाकडे माहेरच्या शेतातला हिस्सा मागत होत्या. केस आमच्या सरांकडे. आणि सर भावाच्या वकिलासोबत चहा पिऊन मुद्दाम तारखा वाढवत होते. मला दिसत होतं. सलीमभाईंना तर सगळंच दिसत होतं. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, तुला अजून वकिली कळायची आहे.

मी ऑफिस सोडलं.

महिन्याभराने कमलाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, केस तूच चालव.

आता वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची 'नो ऑब्जेक्शन'ची सही लागते. कमलाबाई कागद घेऊन गेल्या. सरांनी तो बाजूला टाकला आणि त्यांना हाकलून दिलं. सही नाही मिळाली तर कोर्टाला अर्ज करता येतो, पण त्यात कारण लिहावं लागतं. ज्यांनी मला हाताला धरून कोर्टात उभं केलं त्यांच्याविरुद्ध लिहायचं? माझा पेनच चालेना. कमलाबाई रोज यायच्या आणि मी रोज 'उद्या' म्हणायची.

मग एका सकाळी सलीमभाई आले. वकीलपत्र टेबलावर ठेवलं. खाली सरांची सही.

"सही झाली. आता माह्याशी बोलत नका जाऊ, मॅडम."

एरवी बेटा म्हणायचे मला.

मला वाटलं, सरांनी मोठ्या मनाने सही दिली आणि सलीमभाईंनी मला नमकहराम ठरवलं. चार वर्षं मी हेच धरून बसले. ते तहसीलसमोर बसायला लागले तेव्हा कोणीतरी म्हणालं, वय झालं, सोडलं असेल काम. मीही अकडीत. बोलायचं नाही ना, मग नाही.

आज कोर्टातून तशीच त्यांच्या घरी गेले, गळ्यात पांढरा बँड. बायकांमध्ये बसले. त्यांच्या बायकोने, भाभींनी, माझा हात सोडलाच नाही. निघताना त्यांचा मुलगा दारापर्यंत आला. मी म्हटलं, सलीमभाई माझ्यावर नाराजच गेले रे.

त्याने मला थांबवलं.

"तुम्हाले खरंच काही माहीत नाही?"

मग त्याने सगळं सांगितलं. सर सह्या करताना कधीच वाचत नसत. सलीमभाईंनी गठ्ठा पुढे ठेवला की करत सुटायचे. तीस वर्षांचा भरवसा. त्या दिवशी त्याच गठ्ठ्यात सलीमभाईंनी मधोमध ते वकीलपत्र घातलं.

पुढच्या तारखेला मी कमलाबाईंसाठी उभी राहिले तेव्हा सरांना समजलं. पण 'मी न वाचता सही करतो' हे भर कोर्टात सांगणार कसं? संध्याकाळी सलीमभाईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.



सलीमभाई माझ्याशी बोलायचे नाहीत ते यासाठी, की मीच त्यांना हे करायला लावलं असं कोणाला वाटू नये. आणि मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"अब्बू म्हनत, तिले समजलं तर ते कागद वापस करून टाकीन. मंग त्या बाईचं काय होईन?"

कमलाबाईंना हिस्सा मिळाला. मागच्या वर्षी त्यांनी त्यात तूर पेरली. निकालाचे पेढे मी अख्ख्या कोर्टात वाटले, शिपायापासून बाबूपर्यंत. रस्ता ओलांडून सलीमभाईंच्या टेबलापर्यंत गेले नाही.

त्यांनी केलं ते चूक होतं. वकील म्हणून मला माहीत आहे, अशी सही घेणं म्हणजे फसवणूक. मी खरंच कागद परत केला असता का? सकाळपर्यंत छातीठोकपणे हो म्हटलं असतं. आता नाही सांगता येत.

सलीमभाई, मी दिवसातून दोनदा तुमच्या समोरून जात होती. एकदा तरी थांबून विचारायले पाहिजे होतं, काहून बोलत नाही म्हणून.

नाही विचारलं. मले माफ करा.

अल्लाह तुम्हाले सुकून देवो.