सवण्यातले मालक

घर विकलं की त्यावरचा आपला हक्क संपतो, ही गोष्ट उभ्या निजाम राज्यात फक्त एका माणसाला ठाऊक नव्हती, आणि नेमकं त्याचंच घर आम्ही विकत घेतलं. निजामाची अखेरची वर्षं ती. आमच्या ह्यांची लातूरच्या शाळेतून कंधारला बदली झाली आणि भाड्याच्या दोन खोल्यांना कंटाळून आम्ही किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीतलं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर घेतलं. घर जुनं म्हणजे किती, तर भिंतीला पाठ टेकून उठलं की भिंतही थोडी पाठीबरोबर उठून यायची. विकणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, विधुर. एकुलती एक मुलगी देगलूरला दिलेली. "एवढ्या घरात एकट्याचा आवाज लई मोठा येतो," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. खरेदीखतावर सही केली, आमच्या हातावर साखर ठेवली आणि त्याच रांगेतल्या तिसऱ्या घरात एक खोली घेऊन राहायला गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सारी गल्ली त्यांना 'मालक' म्हणायची. व्यवहार झाल्यावरही मालकच म्हणत राहिली. पुढे आमचे हेही म्हणू लागले आणि एक दिवस माझ्याही तोंडून तेच निघालं. घर आमचं आणि मालक ते, अशी आमची वहिवाट पडली.

मी यादी करणारी बाई आहे. ज्या कामाची यादी नाही ते काम होत नाही, असा माझा अनुभव आहे. घर ताब्यात येताच मी वहीत एकतीस कामं लिहून काढली. माळवदावर नवी माती, माजघराचा गिलावा, मागच्या भिंतीतली बिळं, न्हाणीची मोरी. सगळं ओळीनं. पण कुठल्याही शहाण्या बाईच्या यादीत नसेल असा प्रकार पहिल्याच सकाळी घडला. माळवदाच्या घराला खिडक्या फार नसतात. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून छताला एक भोक ठेवतात, त्यात फुटक्या घागरीचं तोंड बसवतात आणि त्याला सवणं म्हणतात. पाऊस आला की कोणीतरी वर जाऊन त्यावर काहीतरी पालथं घालायचं, एवढीच त्याची देखभाल. तर मी नव्या घरातली पहिली भाकर तव्यावर टाकली होती. वरून उजेडाचा गोल अगदी माझ्या हातांवर पडला होता. तो एकाएकी विझला आणि आभाळातून आवाज आला, "बाई, भाकर उलटा. करपून राहिली."

मी वर पाहिलं. घागरीच्या तोंडात एक डोकं बसलेलं होतं. पांढऱ्या मिशा, खाली लोंबणारं उपरण्याचं टोक. माझ्या हातातलं उलथणं निसटून चुलीत गेलं. भाकर करपली ती करपलीच. मी ओरडले तशी ह्यांनी बाहेरून विचारलं, "काय झालं?" वरूनच उत्तर गेलं, "काही न्हाई मास्तर, चूल जरा जास्त पेटलीय."

तिथून पुढे धक्के मोजायचे मी सोडून दिले. आमच्या पुढच्या दाराची कडी बाहेरून एक बोट घालून निघते, हे आम्हांला कळलं ते सकाळी उठून ओसरीवर पाहिलं तेव्हा. मालक स्वतःच्या पाटावर बसून दात घासत होते. पाट त्यांचाच, कारण घर सोडताना तो त्यांनी नेलाच नव्हता. दातवणाच्या काड्या कोनाड्यात होत्या, त्याही त्यांच्याच. मी म्हटलं, "मालक, तुमचं सामान राहिलं का इथं?" ते शांतपणे म्हणाले, "राहिलं न्हाई, ठिवलंय. तिथल्या खोलीत कोनाडा न्हाई."

माळवदाच्या मातीचा प्रसंग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. माळवदावर खारी पांढरी माती घालावी लागते. खारी असली की गवत उगवत नाही आणि पाणी मुरत नाही. गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावरून गाढवांवर लादून ती आणायची. पहिल्या खेपेची बारा गाढवं गल्लीत येऊन उभी राहिली. मालक पाटावरून उठले, पहिल्या गोणीतली चिमूटभर माती उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत जिभेवर ठेवली. डोळे मिटले. जेवणाच्या पंगतीत कढी चाखावी तशी जीभ फिरवली. मग म्हणाले, "अळणी हाय. परत न्या."

"अहो, बारा गाढवं आहेत!" मी म्हणाले.

"बारा असू द्या न्हाई तर बाराशे. अळणी ती अळणीच."

गाढवं परत गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी माती चाखली आणि एक चिमूट माझ्यापुढे धरली. "घ्या, बघा तुम्हीच." मी, चार माणसांत वावरणारी, मास्तरांची बायको, गल्लीच्या मधोमध उभी राहून माती चाखली. खारट होती. गाढववाला सुद्धा तोंडाला हात लावून बघत राहिला. त्या संध्याकाळी मी यादीतल्या पहिल्या कामावर रेघ मारली, पण तोंडाची चव दोन दिवस गेली नाही.

आमचे गवंडी चाचा कामाला चोख आणि स्वभावाने गरीब. पण मागच्या भिंतीतली बिळं बुजवायला त्यांनी पहार घातली आणि आतून चार हात लांब धामण निघाली, तेव्हा ते पहार टाकून थेट ओसरीवर आले. आम्ही सगळे पाटावर, खाटेवर, मिळेल तिथे चढलो. मालक मात्र जमिनीवरच उभे राहून तिला वाट देत म्हणाले, "तिला काही करू नका. आमच्या लग्नाच्या आधीपासूनची हाय ती. उंदीर न्हाईत घरात, ते काय उगीच?" चाचांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, एक तो साप को निकालो, नै तो इन को निकालो. दोनों के सात मैं काम नै करता." धामण आपली आपण निघून गेली. मालक राहिले.

खरी अडचण झाली ती आमच्या थोरलीच्या बाळंतपणाने. पहिलटकरीण लेक माहेरी यायची होती. आतली खोली कोरडी, उबदार आणि आडोशाची करायची, हे यादीतलं चौदावं काम, आणि त्याच्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. त्या खोलीलाही सवणं होतं. बाळंतिणीच्या खोलीत वरून मिशा डोकावताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. ह्यांना म्हटलं, "त्यांना सांगा." हे म्हणाले, "तूच सांग. यादी तुझी आहे."

म्हणून मीच सांगितलं. "मालक, लेक बाळंतपणाला येणार आहे. बाईमाणसाची खोली आहे. आता या घरी येऊ नका. दारात पाऊलसुद्धा टाकू नका."

त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या खोलीत निजवता?"

"आतल्या."

"तिथलं सवणं..."

"मी बुजवणार आहे ते."

ते उठले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आपला पाट काखेत मारून चालते झाले. मला सुटल्यासारखं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ओसरीवर पाटाच्या आकाराची एक न सारवलेली चौकोनी जागा उरली होती, ती मात्र मी त्याच दिवशी सारवून टाकली.

पण बाळाने माझी यादी वाचलेली नव्हती. लेक आली त्याच आठवड्यात चाचांनी सवण्याची घागर काढली, फळ्या बसवायला कड फोडून भोक चांगलं हातभर रुंद केलं, उद्या भरू म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधी. मुलगा झाला. सुईणीने पदर खोचून बजावलं, "दहा दिस डोस्क्यावर ठोकाठोकी न्हाई चालायची. लेकरू दचकतं." मग भोकावर एक पोतं टाकलं, चार दगड ठेवले आणि वैशाखाच्या कोरड्या उन्हावर भरवसा ठेवून आम्ही गप्प बसलो.

पाचवीच्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत पूजेची मांडामांड करत होते. हे शाळेत होते. एकाएकी अंधारून आलं, वाऱ्याने दार आपटलं आणि अंगणात धपकन काहीतरी पडलं. पाहिलं तर ते पोतं. पाठोपाठ पहिली गार पडली, सुपारीएवढी. मग लिंबाएवढ्या पडू लागल्या. त्या भोकाखाली बाज, बाजेवर माझी लेक, आणि तिच्या कुशीत पाच दिवसांचं पोर. हातातलं तबक टाकून मी आत धावले.

खोलीत काळोख होता. एक थेंब नव्हता, एक गार नव्हती. लेक बाळाला पोटाशी धरून वर पाहत होती. छतावर ठण् ठण् ठण् असा देवळातल्या घंटेसारखा आवाज चालला होता आणि त्या आवाजातून मालक ओरडत होते, "बाई! मी खाली बघून न्हाई राहिलो! डोळे मिटलेत माझे!"

मी आधी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून ते कोरडं आहे ना, ते पाहिलं.

"ऐकू येतं का? उपरणंबी बांधलंय डोळ्यांवर!"

"मालक," मी कशीबशी म्हणाले, "दारातून या हो. अंगावर गारा घेताय."

"दारातून येऊ नका म्हणालात की. वरून यायचं न्हाई असं कुठं म्हणालात?"

गारा थांबल्यावर मी जिन्याने वर गेले. आपल्या खोलीवरून शेजाऱ्यांची माळवदं ओलांडत ते आले होते. येताना घरातली पितळी परात घेतली होती. भोकावर ती पालथी घालून, वाऱ्याने उडू नये म्हणून स्वतः तिच्यावर मांडी घालून बसले होते. डोळ्यांवर उपरणं खरोखरच बांधलेलं. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि मिशांत गारेचा तुकडा अडकला होता. मी हाताला धरून त्यांना उठवलं, खाली आणलं, हळद लावली. ते कुरकुरले, "आमची ही यायची आभाळ आलं की. म्हणायची, अहो, सवणं झाका. चाळीस वर्षं म्हणायची. मग मी वर जायचो आणि आधी वाकून बघायचो, चुलीपाशी हाय का म्हणून." एवढं बोलून त्यांनी टेंगूळ चाचपलं. मग म्हणाले, "हळद लई लावली तुम्ही."

बारशाला ते दारातून आले, पाट काखेत घेऊन. तो जुन्या जागी ठेवला तेव्हा मी घुगऱ्यांची वाटी तिथेच नेऊन दिली. आतल्या खोलीचं सवणं चाचांनी पुढे बुजवलं. स्वैपाकघरातलं बुजवायचं काम यादीत होतं, पण दरवेळी काहीतरी निमित्त निघायचं. कधी चाचा मोकळे नसायचे, कधी मी.

वर्षभराने मालकांची लेक आणि जावई येऊन त्यांना देगलूरला घेऊन गेले. परात त्यांनी आमच्या माळवदावरच ठेवली. "तिकडं मंगळूरी कौलं हायेत," ते अगदी तुच्छतेने म्हणाले. मग कार्डं यायला लागली. प्रत्येक कार्डावर एकच ओळ: 'इकडे आभाळ आले आहे, सवणे झाकावे.' कार्ड आमच्याकडे पोचेपर्यंत पाऊस पडून, माळवद वाळून, त्यावर मिरच्याही पसरलेल्या असायच्या. हे हसायचे. मी कार्ड चुलीवरच्या फळीवर खोचून ठेवायचे.

निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, यादीतली तीस कामं झाली. कार्डं चालू होती. यंदा मात्र आलं नाही. देगलूरला चौकशीचं पत्र घालायचं, असं मी वहीत लिहून ठेवलंय. अजून घातलं नाही. काय उत्तर येईल याची मला भीती वाटते.

परवा दुपारी आभाळ भरून आलं. मी वर गेले, परात उचलली आणि सवण्यावर ठेवायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, वाकून खाली पाहिलं. लेक माहेरपणाला आलेली आहे. चुलीपाशी बसली होती. उजेडाचा गोल नेमका तिच्या हातांवर पडला होता. पीठ लागलेले हात, बांगड्या, तव्यावरची भाकर, तेवढंच काय ते दिसत होतं आणि ते फार जवळ वाटत होतं. पाऊस सुरू होत होता तरी मला उठवेना. भाकरीच्या कडा काळ्या पडायला लागल्या तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"अगं, उलट ती," मी वरून म्हणाले. "करपून राहिली."

खाली उलथणं चुलीत पडल्याचा आवाज आला.