नेमणूक गेलेला सदस्य

मी परतूरला फौजदार होतो तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी असलेली ती म्हातारी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मेंढपाळ कुटुंबातली बाई. तिला तक्रार द्यायचीच नव्हती.

"साहेब, मेंबरसाहेबाला तेवढं इचारा, घरं कवा व्हणार? जागा मोकळी करा म्हन्ले, आमी झोपड्या मोडल्या. आता लेकरं उघड्यावर निजून राह्यलेत."

हे मेंबरसाहेब म्हणजे शासनाच्या गृहनिर्माण मंडळाचे सदस्य. गावात मान मोठा, गाडीवर मंडळाची पाटी. मी मंडळाच्या कार्यालयात फोन लावला. उत्तर मिळालं, "त्या नावाचे कोणी सदस्य सध्या नाहीत."

तोतया असणार, असं धरून मी त्यांना चौकशीला बोलावलं. वस्तीवर आधीच विचारून घेतलं होतं. त्यांनी कुणाकडून एक पैसाही घेतला नव्हता. मग हा माणूस हे कशासाठी करत होता? मला याचंच कुतूहल होतं.

"मंडळावर सदस्य कसा होतो?" मी विचारलं.

"शासन नेमतं. अधिसूचना निघते. काही अधिकारी पदामुळे सदस्य असतात, बाकीचे आमच्यासारखे अशासकीय. एकट्या सदस्याला कसलाच अधिकार न्हाई. प्रस्ताव बैठकीत मांडायचा, ठराव मंडळानं करायचा."

सगळं अगदी बरोबर. तोतयाला इतकं आतलं कसं ठाऊक? मी सहज विचारलं, "मागच्या बैठकीला तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"मागच्या बैठकीला मी न्हवतो, साहेब. सरकार बदललं. एका आदेशात आमच्या सगळ्यांच्या नेमणुका रद्द झाल्या."

"घरी माहीत आहे?"

"न्हाई. बैठकीच्या दिवशी डबा घेऊन रेल्वेनं औरंगाबादला जातो. स्टेशनावर बसतो अन् संध्याकाळी परत येतो."

नेमणूक झाली तेव्हा गावानं मिरवणूक काढली होती. ती गेल्याचं कुणाला कळलंही नव्हतं.

"मग झोपड्या का मोडायला लावल्या?"

"वाटलं, पुन्हा नेमतील. पहिला प्रस्ताव ह्याच वस्तीचा मांडायचा होता."

त्यांच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. पण लेकरं उघड्यावर होती. लोकसेवक असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा मी दाखल केला. जामीन झाल्यावर ते आपण होऊन वस्तीवर गेले. बंदोबस्ताला मीही होतो. हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. लोक चिडले, एकानं त्यांच्या अंगावर धावून जायचाही प्रयत्न केला. म्हातारी पुढं झाली.

"आधीच सांगायचं ना, बापू. मेंबर न्हवता तवाबी आमच्यात बसून चहा पेत व्हता की."

त्यांना रडू आवरलं नाही. पुढे गाडी विकून त्यांनी वस्तीला छपरांसाठी पत्रे आणून दिले. न्यायालयात गुन्हा कबूल केला. पक्की घरं मात्र तहसील कार्यालयामार्फत, बऱ्याच उशिरानं झाली. म्हातारीच्या डोळ्यांदेखत झाली, एवढंच समाधान.

पद देताना माणसाला हार घालतात. ते काढून घेताना त्याच्याजवळ कुणीच नसतं, आणि तिथंच सरळ माणूसही घसरतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. परवा राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. बंदोबस्तावरच्या शिपायानं ओळखलं, सलाम ठोकला आणि माझ्या गाडीसाठी बॅरिकेड बाजूला घेऊ लागला. "अरे, मी आता नोकरीत नाही," असं म्हणून मी गाडी मागे घेतली. जड गेलं, खोटं कशाला सांगू?